सरवा वेचणाऱ्यांचा चित्रकार : झाँ फ्रान्स्वा मिले

राजेरजवाड्यांच्या, सरदारांच्या व धनिकांच्या तसबिरी काढणारे चित्रकार सर्व देशांत पुष्कळ होऊन गेले आहेत. ज्याच्यापाशी द्रव्य त्याची तसबीर, ही जगाची जुनी रीत होय. परंतु ज्याच्या पायांस माती लागलेली आहे व ज्याची पाठ कामाने वाकलेली आहे अशा मजुरास चित्राच्या अग्रभागी आणणारा चित्रकार विरळा. फ्रान्स देशात होऊन गेलेला झाँ फ्रान्स्वा मिले हा अशा विरळ मनुष्यांपैकी एक होता. कापणी झालेल्या शेतात सरवा वेचीत असलेल्या तीन बायांचे त्याने काढलेले चित्र आज जगभर प्रसिद्ध आहे. त्या चित्रात काय आहे व ते आपणांस काय शिकविते, ह्याचा विचार आम्ही ह्या लेखात करणार आहो. परंतु चित्र समजावयाचे तर चित्रकाराचे आयुष्य आधी समजले पाहिजे. कारण हे चित्र बांधावर उभे राहून शेत पाहणाऱ्याने काढलेले नाही, शेतात राबलेल्या मनुष्याने काढलेले आहे.

मिले ह्याचा जन्म ४ ऑक्टोबर १८१४ रोजी फ्रान्सच्या उत्तरेकडील नॉर्मंडी प्रांतात, समुद्रकाठच्या ग्र्युशी नावाच्या लहानशा वाडीत झाला. शेरबूर्ग हे बंदर तेथून जवळ आहे. घरची शेती होती. घर अगदी दरिद्री नव्हते. परंतु स्वतःचे हात चालविल्यावाचून भाकर मिळावी अशीही स्थिती नव्हती. आठ भावंडे होती व मुलग्यांत हा थोरला. थोरल्या मुलावर शेतीचा भार कसा पडतो हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. नांगर धरणे, मुठीने बी फेकून पेरणे, गवत कापणे, पेंढ्या बांधणे, मळणी करणे, धान्य पाखडणे, शेतात खत पसरणे, ही सर्व कामे त्याने लहानपणापासून केली. त्याच्या आजीचा त्याच्यावर फार जीव होता. ती मोठी भाविक बाई होती; तिने नातवास देवाचे भय व प्रार्थनेची सवय लावली. हे कुटुंब रोमन मंडळीतील होते. गावच्या धर्मगुरूंनी मुलाची बुद्धी पाहून त्यास लॅटिन भाषा शिकविली. त्यामुळे पवित्र शास्त्र आणि व्हर्जिल नामक प्राचीन रोमी कवीची शेतीविषयक काव्ये तो स्वतः वाचू लागला. ह्या दोन ग्रंथांचा संग त्याने आयुष्यभर सोडला नाही.

मुलाचा हात चित्रे काढण्यात चांगला चालतो हे बापाने ओळखले व १८३३ साली त्यास शेरबूर्ग येथील एका चित्रकाराकडे शिकावयास ठेविले. भर उमेदीतला थोरला मुलगा शेतावरून उठवून शहरी पाठविणे ही शेतकरी बापाच्या दृष्टीने लहानसहान गोष्ट नव्हे. पुढे १८३५ साली बाप वारला. तेव्हा शिक्षण टाकून मिले घरी परत आला व घरधन्याचे काम पत्करावयास सिद्ध झाला. परंतु आजीने ते मानले नाही. देवाने ज्यास जे दान दिले ते त्याने पुरून ठेवू नये असे तिचे मत होते. म्हणून तिने त्यास परत धाडले. १८३७ साली शेरबूर्ग नगराने त्यास विद्यावेतन दिले आणि तो पॅरिस शहरी जाऊन डेलारोश ह्या नावाजलेल्या चित्रकाराच्या हाताखाली शिकू लागला.

पॅरिसमध्ये त्याचे दिवस कष्टाचे गेले. १८३९ साली विद्यावेतन बंद झाले. सरकारी चित्रप्रदर्शनात, ज्यास तेथे सालों म्हणत, त्याने पाठविलेले पहिले चित्र नाकारण्यात आले. १८४० साली त्याने काढलेली एक तसबीर तेथे स्वीकारली गेली. १८४१ साली त्याने पॉलीन ओनो हिच्याशी विवाह केला. परंतु ती क्षयाने आजारी होऊन १८४४ साली वारली. पुढे कॅथरीन लमेर हिच्याशी त्याने संसार मांडला व त्यांस नऊ मुले झाली. पोट भरावे म्हणून त्याने लोकांच्या तसबिरी काढल्या, दुकानांच्या पाट्या रंगविल्या, आणि श्रीमंतांच्या रुचीस उतरतील अशी हलकी चित्रेही काढली. त्याचे मन मात्र शेताकडेच ओढत होते.

१८४८ साली फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली व राजा देश सोडून पळाला. त्याच वर्षी मिले ह्याने धान्य पाखडणाऱ्या शेतकऱ्याचे चित्र प्रदर्शनात मांडले. ते लोकांस आवडले व नव्या सरकारातील एका मंत्र्याने ते विकत घेतले. पुढल्या वर्षी पॅरिसमध्ये पटकीची साथ आली. तेव्हा बायकामुलांस घेऊन मिले शहरापासून सुमारे ६० किलोमीटरांवर, फाँतेनब्लोच्या अरण्याच्या कडेस असलेल्या बार्बिझाँ नावाच्या खेड्यात राहावयास गेला. तो तेथे कायमचाच राहिला. सकाळी आपल्या बागेत कुदळ मारावी व दुपारी चित्रे काढावी, असा त्याचा क्रम असे. त्याच गावी थिओडोर रूसो नावाचा अरण्याची व वृक्षांची चित्रे काढणारा चित्रकार राहत होता. तो त्याचा जिवाचा मित्र झाला.

बार्बिझाँस आल्यावर त्याने काढलेले पहिले मोठे चित्र पेरणाऱ्याचे. उतरणीवरून एक धिप्पाड शेतकरी लांब ढांगा टाकीत येत आहे, खांद्यास बियाणाची झोळी आहे, उजवा हात मागे फेकलेला आहे, आणि टोपीच्या छायेत चेहरा जवळजवळ दिसत नाही. मागे दूर, सांजेच्या प्रकाशात एक औत चालले आहे. हे चित्र १८५० च्या अखेरीस उघडलेल्या प्रदर्शनात मांडले गेले. त्यानंतर त्याने जे चित्र हाती घेतले त्याचा विषय आमच्या वाचकांच्या ओळखीचा आहे. तो विषय रूथ व बवाज ह्यांचा होय. परंतु मिले ह्याने त्यांस यहूदी देशातील प्राचीन पोषाख घातला नाही. आपल्याच मुलखातील शेतकऱ्यांच्या वेषात त्यांस दाखविले. कापणी करणारे सुड्यांच्या पायथ्याशी जेवावयास बसले आहेत, आणि सरवा वेचणाऱ्या एका लाजऱ्या बाईस मालक हाताने पुढे करून त्या पंक्तीस आणीत आहे. १८५३ च्या प्रदर्शनात हे चित्र कापणीवाल्यांची विश्रांती ह्या अर्थाच्या नावाने मांडले गेले व त्यास पदक मिळाले. त्याच वर्षी त्याची आई वारली. आजी १८५१ साली वारली होती. दोघींच्याही शेवटच्या घटकेस तो त्यांच्यापाशी नव्हता, ह्याचे दुःख त्यास फार झाले.

आता आपण मुख्य चित्राकडे वळू. ते १८५७ साली पूर्ण झाले. सुमारे पावणेतीन फूट उंच व साडेतीन फुटांहून थोडे अधिक रुंद असे ते आहे. अग्रभागी कापणी झालेले शेत आहे. धसकटे राहिली आहेत व जमीन उघडी पडली आहे. त्या जमिनीवर तीन बाया आहेत. डावीकडच्या बाईने डोक्यास निळे फडके बांधले आहे, मधलीने तांबडे. दोघी कमरेत वाकून ओंब्या वेचीत आहेत. डावीकडचीचा एक हात पाठीवर आहे व त्या हातात आजवर वेचलेल्या ओंब्यांची जुडी आहे. ज्याने दिवसभर ओणव्याने काम केले आहे त्यास हा पाठीवरचा हात बरोबर कळतो. तिसरी बाई उजवीकडे अर्धवट वाकलेली आहे. ती आपल्या हातातली मूठभर ओंब्यांची जुडी नीट करीत आहे. वाकणे, उचलणे, पुन्हा सरळ होणे, ह्या तीन क्रिया तिघींत वाटून दाखविल्यामुळे एकाच बाईचा सारा दिवस आपल्यापुढे उभा राहतो. त्यांच्या ओट्यांत अद्याप फारसे काही नाही. त्यांचे चेहरे स्पष्ट दिसत नाहीत. सावळ्या उन्हाने रापलेले हात, मान व पाठ एवढेच दिसते.

नंतर दृष्टी वर न्यावी. दूर क्षितिजाजवळ सोनेरी धुळीत सगळा सुकाळ आहे. मोठमोठ्या सुड्या रचल्या आहेत, गाडी पेंढ्यांनी भरली आहे, कापणी करणाऱ्यांची झुंबड उडाली आहे. उजव्या कोपऱ्यात घोड्यावर बसलेला एक मनुष्य आहे. तो मालकाचा कारभारी असून कामावर व सरवा वेचणाऱ्यांवर देखरेख करतो. हे सारे इतके लहान काढले आहे की ते मुंग्यांसारखे भासते. म्हणजे मिले ह्याने जगाचा क्रम उलटा केला. जे मोठे ते दूर व लहान. ज्यांच्याकडे कोणी पाहत नाही त्या जवळ व मोठ्या. तरीही त्यांस त्याने उगाच उंच केले नाही. क्षितिजाच्या वर, मोकळ्या आकाशात, त्यांपैकी एकीचेही मस्तक नीट उंचावलेले नाही. जमीन जणू त्यांस धरून ठेवीत आहे. मावळत्या सूर्याचा तिरपा प्रकाश त्यांच्या पाठींवर, खांद्यांवर व बोटांवर पडला आहे. शेत, आकाश व प्रकाश हीच ह्या चित्रात बोलतात. बायांच्या तोंडी काही बोल घालावे लागत नाहीत.

सरवा म्हणजे काय, हे आमच्या वाचकांस ठाऊक आहे. भुईमूग काढून झाल्यावर राहिलेल्या शेंगा, गव्हाची कापणी झाल्यावर पडलेल्या ओंब्या, ह्या गरिबांनी वेचून न्याव्या ही रीत आपल्याकडेही आहे. मोशेच्या नियमशास्त्रात शेताच्या कडा साफ कापू नयेत, पडलेला सरवा उचलू नये, तो गरिबास व परक्यास राहू द्यावा, अशी आज्ञा आहे. फ्रान्समध्येही ही रीत फार जुनी होती व तिला कायद्याचा आधार होता. परंतु तिला बंधनेही होती. पीक उचलून झाल्यावाचून शेतात पाऊल टाकावयाचे नाही. सूर्योदयापूर्वी यावयाचे नाही. सूर्यास्तानंतर राहावयाचे नाही. म्हणून चित्रातील उतरत्या उन्हाचा अर्थ केवळ शोभा नव्हे. दिवस मावळत आहे, वेळ थोडा राहिला आहे, आणि मूठ अद्याप भरलेली नाही. हा उतरता प्रकाशच त्या बायांच्या पाठीमागे लागला आहे.

हे चित्र प्रदर्शनात लागले तेव्हा अनेक प्रतिष्ठित लोकांस राग आला. राज्यक्रांती होऊन नऊच वर्षे झाली होती व पुनः गरीब उठतील की काय हे भय मनात घर करून होते. एका टीकाकारास ह्या तीन बायांच्या मागे १७९३ सालची वधयंत्रे दिसू लागली. दुसऱ्याने ह्या तिघी म्हणजे दारिद्र्याच्या तीन देवता असून त्यांस मुद्दाम गर्विष्ठ बनविले आहे, असा आक्षेप घेतला. वस्तुतः त्या बायांच्या हातांत शस्त्र नाही, मुठी वळलेल्या नाहीत, त्या कोणाकडे पाहतही नाहीत. मग भय कशाचे? आम्हांस वाटते की सुड्या व मूठभर ओंब्या एकाच चौकटीत पाहावयास लागल्या, ह्याचे ते भय होते. दोन्ही गोष्टी जगात होत्याच. त्या वेगवेगळ्या पाहण्याची सवय लोकांस होती. मिले ह्याने त्या एका दृष्टीत आणून ठेविल्या. त्याने स्वतः आपण बंडखोर असल्याचे नेहमी नाकारले. आपण शेतकरी आहो व शेतकऱ्याचेच जिणे दाखवितो, एवढेच त्याचे म्हणणे होते. त्यास ह्या चित्राचे ३,००० फ्रँक मिळाले, व तेही त्याच्या मागणीपेक्षा कमी.

१८५३ चे चित्र व १८५७ चे चित्र शेजारी ठेवून पाहिले म्हणजे एक मोठा भेद ध्यानात येतो. पहिल्या चित्रात बवाज आहे. तो शेत ओलांडून गेला, त्याने परक्या बाईस पंक्तीस आणिले. दुसऱ्या चित्रात बवाज नाही. घोड्यावरचा मनुष्य आहे, पण तो घोड्यावरून उतरलेला नाही. सुड्या आहेत, पण त्या बायांपर्यंत कोणी आलेले नाही. मधली उघडी जमीन कोणी ओलांडलेली नाही. रूथाची गोष्ट ज्यास ठाऊक आहे त्यास ही रिकामी जागा लागलीच जाणवते. मिले ह्यास पवित्र शास्त्र चांगले अवगत होते. तेव्हा ही जागा नकळत रिकामी राहिली असे आम्हांस वाटत नाही. चित्रापुढे जो उभा राहतो त्याच्याच पायांपाशी त्या बाया आहेत. शेतात बवाज नाही; मग पाहणारा कोण होणार, बवाज की घोडेस्वार? हा ह्या चित्राचा मर्मभेदी प्रश्न आहे असे आम्ही समजतो.

त्याच काळात, १८५७ ते १८५९ ह्या वर्षांत, त्याने प्रार्थनेच्या घंटेचे चित्र काढले. बटाटे खणणारे नवराबायको सांजेची घंटा ऐकून काम थांबवितात. त्याने टोपी काढून हाती धरली आहे, तिने हात जोडले आहेत. दूर शायी गावच्या देवळाचा मनोरा दिसतो. रोमन मंडळीत घंटा ऐकून जी प्रार्थना म्हणण्याची चाल आहे ती आमची नव्हे. परंतु हातातले काम थांबवून शेतातच देवापुढे नम्र होणे हे सर्वांनीच घेण्याजोगे आहे. बॉस्टन येथील ज्या गृहस्थाने हे चित्र सांगितले होते तो ते न्यावयास आलाच नाही. शेवटी ते सुमारे १,००० फ्रँकांस गेले.

१८६३ साली त्याने कुदळीवर रेललेल्या, थकून भ्रमिष्टासारखा झालेल्या मजुराचे चित्र मांडले व पुनः टीकेचा भडिमार झाला. परंतु हळूहळू लोकांचे मत पालटले. १८६७ च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात त्याची नऊ चित्रे लागली व त्यास प्रथम वर्गाचे पदक मिळाले. पुढल्या वर्षी सरकारने त्यास मानाचे पद दिले. मान आला तेव्हा प्रकृती गेली होती. ३ जानेवारी १८७५ रोजी त्याने कॅथरीन हिच्याशी धर्मविधीने विवाह केला. सरकारी नोंदणी १८५३ सालीच झाली होती. त्यानंतर १७ दिवसांनी, २० जानेवारीस, तो बार्बिझाँ येथे मरण पावला. शायी येथे, आपला मित्र रूसो ह्याच्या शेजारी, त्यास पुरले. कोरो नावाच्या वृद्ध चित्रकाराने, जो स्वतः त्या वेळी मरणाच्या दारी होता, त्याच्या विधवेस मुलांच्या पोषणार्थ १०,००० फ्रँक दिले. येथे मात्र एक मनुष्य शेत ओलांडून आला.

मृत्यूनंतर चित्रांच्या किमती आकाशास भिडल्या. १८८९ साली सरवा वेचणाऱ्यांचे चित्र ३,००,००० फ्रँकांस विकले गेले, आणि त्याच वर्षी घंटेच्या चित्रास साडेपाच लाख फ्रँकांहून अधिक किंमत आली. चित्रकाराच्या घरच्यांस त्यांतून एक कवडीही मिळाली नाही. ज्याने सरवा वेचणाऱ्यांस चितारले त्याच्याच मुलाबाळांच्या वाट्यास धसकटे आली व सुड्या दुसऱ्यांनी नेल्या. ह्या अन्यायाची चर्चा पुष्कळ झाली. पुढे १९२० साली फ्रान्सने कायदा केला की चित्र पुनः लिलावात विकले गेले तर किमतीचा लहानसा अंश चित्रकारास किंवा त्याच्या वारसांस मिळावा. त्या कायद्याच्या चर्चेत मिले ह्याचे उदाहरण वारंवार दिले जात असे. विचार केला तर हा अंश म्हणजे एक प्रकारचा सरवाच होय. पीक नेणाऱ्याने पेरणाऱ्यास विसरू नये म्हणून शेतात राखलेला.

सरवा वेचणाऱ्यांचे चित्र पुढे फ्रेंच राष्ट्रास दान मिळाले. ते व घंटेचे चित्र ही दोन्ही १९८६ पासून पॅरिस येथील ओर्से संग्रहालयात आहेत. मिले ह्याच्या कामाचा ठसा पुढील चित्रकारांवर उमटला. त्यांत विशेष सांगण्याजोगा व्हिन्सेंट व्हॅन गॉख होय. तो हॉलंडातील एका पाळकाचा मुलगा. १८७९ साली बेल्जमच्या कोळशाच्या खाणींतील मजुरांत तो उपदेशकाचे काम करीत होता. वरिष्ठांनी त्याची नेमणूक पुढे चालविली नाही, तेव्हा तो चित्रकलेकडे वळला. मिले ह्याचा पेरणारा त्याने आरंभी पुनःपुनः उतरून काढला, आणि १८८९-९० साली, मनाच्या व्याधीने रुग्णालयात असता, मिले ह्याच्या चित्रांवरून सुमारे वीस चित्रे आपल्या रंगांत रंगविली. खाणीतील मजुरांस ज्याने जवळून पाहिले होते त्यास मिले हा गुरू वाटला, ह्यात नवल नाही.

आमच्या उपदेशक बंधूंनी ह्या चरित्रातून काय घ्यावे? गावात शिरताच सुड्या आपोआप दिसतात. मोठे घर, भरलेली गाडी, चार शहाणे लोक. सरवा वेचणारी बाई मात्र मुद्दाम पाहिल्यावाचून दिसत नाही, कारण ती वाकलेली असते. मिले ह्यास ती दिसली, कारण तो स्वतः वाकून काम केलेला होता व शहरात मान मिळाल्यावरही ते विसरला नाही. आपणांपैकी पुष्कळ जण अशाच घरांतून आलेले आहो. शिक्षण मिळाले, अंगावर पांढरे कपडे आले, म्हणून आपली दृष्टी घोडेस्वाराची होऊ नये. चित्र ह्याहून अधिक काही करू शकत नाही. त्यातील तीन बायांस नावे नाहीत, व ती नावे विचारणारा त्या शेतात कोणी नाही. बवाजाने धान्य देण्यापूर्वी, भोजनास बोलाविण्यापूर्वी, प्रथम ही तरुणी कोणाची म्हणून चौकशी केली. ती चौकशी करावयास धन लागत नाही, विद्याही फारशी लागत नाही. मधले शेत तेवढे ओलांडावे लागते.